नव्या रायफलची नळी मुरवणे: पहिल्या वीस गोळ्या आणि शंभर चिंध्या

नव्या रायफलच्या नळीत खरी खडबडीत जागा असते ती बोटाच्या एका पेराएवढी. चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, संपून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खोबणी, सुरू होतात तिथली. तिला थ्रोट म्हणतात, आणि ब्रेक-इनचा, म्हणजे नळी मुरवण्याचा, सगळा खटाटोप असतो तो या पेराएवढ्या जागेसाठी. पुढच्या पन्नास-साठ सेंटीमीटर नळीला त्यातून फारसे काही मिळत नाही. एवढे डोक्यात पक्के बसले की किती गोळ्या झाडायच्या, किती वेळा पुसायचे आणि कुठे थांबायचे, ही कोडी बरीचशी सुटतात.

ही जागा खडबडीत का राहते ते आधी पाहू. नळी आरपार छिद्र पाडून, आतून साफ करून, मग तिच्यात पिळाचे आटे काढतात. कोणी एकेक खोबण कापून काढतो, कोणी बटण ओढून, तर मोठे कारखाने नळी बाहेरून हातोड्यांनी ठोकून आत आटे उमटवतात. चांगल्या मॅच बॅरलला, म्हणजे स्पर्धेच्या नळीला, त्यानंतर हाताने लॅपिंग होते: शिशाचा ओतीव दट्ट्या, त्याला घासणीची पेस्ट, आणि तो नळीतून पुढे-मागे. त्यामुळे ओरखडे राहिलेच तर ते गोळीच्या वाटेने, लांबीत राहतात. पण चेंबर कापतात ते बहुधा या सगळ्यानंतर. चेंबर कापणारे हत्यार, म्हणजे रीमर, गोल फिरते, म्हणून त्याचे बारीक ओरखडे गोळीच्या वाटेला आडवे पडतात. लाखभर रुपयांची लॅप केलेली नळी असली तरी तिचा थ्रोट असाच, नुकता कापलेला.

आडव्या ओरखड्यांवरून तांब्याच्या वेष्टणाची गोळी गेली की किसणीवर खोबरे फिरवल्यासारखे होते. वेष्टणाचे तांबे खरवडले जाते, मागच्या तापलेल्या वायूबरोबर पुढे उडते आणि नळीभर बसते. दुसरी गोळी त्या तांब्यावर आणखी तांबे चढवते. शिवाय ओरखड्यांत तांबे भरून बसले की पुढची गोळी पोलादाला घासतच नाही, तांब्याला घासते, आणि खालचे ओरखडे जसेच्या तसे राहतात. म्हणून एक गोळी झाडायची, तांबे पूर्ण काढायचे, उघड्या पोलादावरून दुसरी गोळी जाऊ द्यायची. गोळ्याच थ्रोटला पॉलिश करतात. आपले काम फक्त मधले तांबे हटवण्याचे.

कोणत्या नळीला याची गरज नाही

नळीला आतून क्रोमचा थर असेल तर ब्रेक-इनच्या भानगडीत पडू नका. क्रोम इतके कठीण असते की दहा-वीस गोळ्यांनी त्याचे काहीही गुळगुळीत होत नाही. नायट्राइड केलेल्या नळीचेही तेच, तिचा पृष्ठभागच कडक केलेला असतो. काही हातोडी-घडणीच्या नळ्यांत चेंबरही त्याच ठोकण्यात घडवतात. तिथे रीमरचे ओरखडेच नसतात, त्यामुळे काम फार लवकर उरकते. .२२ रिमफायरची, म्हणजे बुडाच्या कडेवर पिन आपटून झडणाऱ्या काडतुसाची, गोष्ट पूर्ण वेगळी आहे, ती पुढे सविस्तर येते. दहा मीटरच्या एअर रायफलला तर ब्रेक-इन हा शब्दही लावू नका: नव्या नळीतून दोन-तीन कोरडे फेल्ट पेलेट (पुसायचे नमद्याचे गोळे) सोडा आणि सरावाला लागा. एअर रायफलच्या नळीत सॉल्व्हंट किंवा तेल कधीही ओतायचे नाही, आतल्या सील खराब होतात.

राहिली ती साध्या क्रोमोली पोलादाची किंवा स्टेनलेसची, सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध पिन आपटून झडणाऱ्या, काडतुसाची नळी. इशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल असो, .३०-०६ असो किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी घेतलेली .३०८ अथवा ६.५ क्रीडमूर असो, पुढची पद्धत तिच्यासाठी आहे.

एक वाद इथेच सांगून टाकू, कारण नवख्याच्या कानावर तो लगेच पडतो. गेल मॅकमिलन हे अमेरिकेतले नावाजलेले बॅरल बनवणारे. ब्रेक-इन म्हणजे नळीचे आयुष्य उगाच कमी करणे, असे ते स्पष्ट सांगत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः शंभर-शंभर गोळ्यांच्या लांबलचक वेळापत्रकांबाबत. .३०८ ची नळी काही हजार गोळ्या सहज टिकते, पण दारू जास्त आणि भोक लहान अशा काडतुसांचा थ्रोट दीड-दोन हजारांतच भाजून निघतो. तिथे शंभर गोळ्या म्हणजे आयुष्याचा मोठा घास. आमचे मत मधले आहे: लहान ब्रेक-इन करा, चिंधी पाहून करा, आणि वीस-पंचवीस गोळ्यांच्या पुढे जाऊ नका. ब्रेक-इन न केल्याने नळी बिघडत नाही, फक्त पहिली काही शेकडा गोळ्या ती तांबे जास्त धरते आणि पुसायला त्रास देते. चुकीच्या रॉडने मात्र नळी खरोखर बिघडते. म्हणून साहित्याकडे आधी लक्ष.

साहित्य

रॉड एकसंध हवा, जोडांचा नको. जोडाच्या कडा नळीला घासतात. ॲल्युमिनियमचा रॉड मऊ असल्याने त्यात कचकच रुतून बसते आणि रॉडची कानस होते. प्लास्टिकचा लेप दिलेला पोलादी रॉड किंवा चांगला कार्बन फायबरचा रॉड घ्या, मुठीला बेअरिंग असलेला, म्हणजे ब्रश आट्यांच्या पिळाबरोबर फिरतो. दोरीने पुसण्याचे पुल-थ्रू सैनिकी रायफलींबरोबर येत. ती दोरी तिरकी ओढून ओढून नळीचे तोंड झिजलेल्या जुन्या .३०३ रायफली पुष्कळ सापडतात. नव्या नळीला दोरी लावू नका.

बोअर गाइड ही चैन नव्हे. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, काढून त्याच्या जागी ही नळकांडी बसते, रॉड मधोमध धरते आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरू देत नाही. ज्या थ्रोटसाठी हा उद्योग चाललाय त्याच्यावरच रॉड टेकवत राहिलात तर मिळवले काय?

जॅग, म्हणजे चिंधी धरणारे टोक, पितळेचा घेऊ नका. निकेलचा मुलामा दिलेला किंवा प्लास्टिकचा घ्या. तांबे काढणारे सॉल्व्हंट पितळही खाते आणि चिंधी निळी करते. नळी स्वच्छ असूनही निळा रंग येत राहतो आणि नवखा माणूस दुपारभर पुसत बसतो. शंका असेल तर वाटीत सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी जॅगला गुंडाळून पाच मिनिटे ठेवा. निळी झाली तर दोष जॅगचा. ब्रशचेही तेच: काजळीसाठी कांस्याचा ब्रश चालतो, पण तांब्याच्या सॉल्व्हंटबरोबर नायलॉनचाच.

चिंध्या सुती हव्यात. तयार मिळतात, नाहीतर मांजरपाट आणून दोनदा धुवा, खळ पूर्ण गेली पाहिजे, आणि .३० बोअरसाठी साधारण दोन इंचांचे चौकोन कापा. कापडाच्या जाडीनुसार अर्धा-पाव इंच कमी-जास्त होईल. जॅगवर ठेवून ढकलताना तळहाताला ठाम विरोध जाणवला पाहिजे, पण रॉड ठोकावा लागता कामा नये. शंभर चिंध्या पुरतात.

सॉल्व्हंट दोन प्रकारचे: एक काजळी काढणारे, एक तांबे काढणारे. प्रत्येकी शंभर मिलिलिटर पुष्कळ. तांब्याच्या बऱ्याच सॉल्व्हंटमध्ये अमोनिया असतो, तेव्हा हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि घरातले ब्लीच जवळपासही येऊ देऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू होतो. दोन वेगवेगळ्या बाटल्यांतले सॉल्व्हंट नळीतही एकमेकांत मिसळू नयेत, मध्ये कोरडी चिंधी फिरवायची. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ते नळीत ठेवू नका. रात्रभर तर नाहीच. काही अमोनियावाली सॉल्व्हंट पंधरा मिनिटांपलीकडे ठेवू नयेत असे बनवणारेच सांगतात, कारण पोलादावर बारीक खड्डे पडू शकतात. बाजारातला साधा अमोनिया आणून घरी मिश्रण करण्याच्या फंदात पडू नका. आणि ही बाटली विमानाच्या सामानात नेता येत नाही, हे स्पर्धेला निघण्याच्या सकाळी आठवून उपयोग नसतो.

याखेरीज: चेंबर पुसायचा मॉप, हलके तेल, बोल्टसाठी ग्रीस, बॅटरी, वही-पेन आणि रायफल ठेवायची घोडी. घोडीवर नळीचे तोंड मागच्या बाजूपेक्षा किंचित खाली राहिले पाहिजे, म्हणजे ओघळ पुढे जातो, ट्रिगरकडे येत नाही.

पहिल्या गोळीच्या आधी

मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. हे प्रत्येक फेरीला, प्रत्येक वेळी. वीस मिनिटांच्या पुसण्यानंतर माणसाचे लक्ष विरलेले असते आणि चूक तेव्हाच होते.

कारखान्यातून आलेल्या नळीत गंज न धरण्यासाठी लावलेले घट्ट तेल किंवा ग्रीस असते, आणि चेंबर कापतानाचा बारीक कीसही कधीकधी राहिलेला असतो. तशीच गोळी झाडलीत तर तो कीस गोळीबरोबर घासत जातो आणि तेलामुळे दाब वाढतो. म्हणून आधी दोन-तीन ओल्या चिंध्या, मग कोरड्या, पांढऱ्या निघेपर्यंत. चेंबर मॉपने कोरडे करा. हे विसरले जाते, पण महत्त्वाचे आहे: काडतुसाचे पितळ झाडताना फुगून चेंबरच्या भिंतीला धरते आणि धक्क्याचा काही भार भिंतीवर जातो. भिंत तेलकट असेल तर पितळ सरकते आणि सगळा भार बोल्टवर येतो.

बोल्टच्या लगांच्या, म्हणजे त्याला जागी अडकवणाऱ्या खुंट्यांच्या, मागच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस लावा. नव्या बोल्टचे पोलाद पोलादावर कोरडे घासले की ते कुरतडले जाते. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा. स्क्रू ढिले असतील तर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छिद्रांचा पुंजका, फुटतो आणि बिचाऱ्या नळीवर आळ येतो.

रॉडला जॅग लावून नळीत घाला. जॅग तोंडाबाहेर जेमतेम आला की मुठीजवळ रॉडवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. ब्रश लांबीला वेगळा, त्याची खूण वेगळ्या रंगाची. आता डोळे तोंडाकडे न नेता कळते कुठे थांबायचे. रॉड यापुढे गेला की त्याचा दांडा क्राउनवर, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेवर, टेकतो. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श याच कडेचा होतो. ती एका बाजूला झिजली तर मागून येणारा वायू एका अंगाने आधी सुटतो आणि गोळी कलते.

आणि रेंजवाल्यांशी आधी बोला. पुसण्यात दर फेरीला पंधरा-वीस मिनिटे जातात, एवढा वेळ फायरिंग पॉइंट अडवून ठेवला की शेजारचे वैतागतात. माणसे टार्गेटकडे गेलेली असताना रायफलला हात लावायचा नसतो, रॉडसुद्धा घालायचा नाही. बऱ्याच रेंजवर पुसण्यासाठी मागे वेगळे टेबल असते, तिथे नेताना बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण). भारतात मोठ्या बोअरसाठी मंजूर रेंज मिळणे हेच अवघड, तेव्हा मिळालेली अर्धी सकाळ रिकामी ठेवा. परवान्यावर काडतुसांचा कोटा मोजका असतो, म्हणून या वीस गोळ्या वाया घालवायच्या नाहीत, त्यांच्यावरच दुर्बीण झिरो करायची, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणायची. बोल्ट काढून नळीतून टार्गेट पाहा, रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणा, आणि पहिली गोळी २५ मीटरवर झाडा. तिथे गोळी नेमाच्या किंचित खाली लागली की १०० मीटरवर कागद सापडतो.

एक फेरी

१. एक गोळी झाडा. चेंबर रिकामे करा, बोल्ट काढा, बोअर गाइड बसवा. नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. तापलेल्या नळीत सॉल्व्हंट सुकते.

२. काजळीच्या सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी मागून पुढे, एका दमात, मध्ये न थांबता. तोंडाबाहेर आली की चिंधी गळून पडू द्या आणि नुसता रॉड सावकाश मागे घ्या. मळकी चिंधी मागे ओढायची नाही, काढलेला मळ परत थ्रोटवर कशाला आणायचा? अशा दोन चिंध्या.

३. ब्रश ओला करून पाच वेळा आरपार. बाटलीत ब्रश बुडवू नका, सॉल्व्हंट वरून थेंबाने घाला, नाहीतर दोन फेऱ्यांत बाटली काळी होते. ब्रश नळीच्या मध्येच उलटा फिरवू नका, तोंडाबाहेर पूर्ण येऊ द्या. मागे घेताना तो क्राउनवर अलगद आत घ्या. खूप काळजी करणारे प्रत्येक वेळी ब्रश उघडून रॉड रिकामा मागे घेतात. हरकत नाही, पण हात हलका असेल तर तेवढी गरज नाही.

४. दोन कोरड्या चिंध्या. या काळ्या-करड्या निघतील.

५. तांब्याच्या सॉल्व्हंटची ओली चिंधी फिरवा, आणि बाटलीवर सांगितले असेल तेवढा वेळ, साधारण पाच ते दहा मिनिटे, थांबा. मग कोरडी चिंधी. रंग पाहा. निळी किंवा निळसर हिरवी असेल तर हीच पायरी पुन्हा, पांढरी निघेपर्यंत.

६. तीन कोरड्या चिंध्या. चेंबर आणि लगांची जागा मॉपने कोरडी. तोंडाला बॅटरी लावून आत पाहा: तांबे राहिले असेल तर आट्यांवर तांबूस झाक दिसते. काही न राहता नळी चकचकीत करडी दिसली की पुढची गोळी.

अशा एकेका गोळीच्या पाच फेऱ्या. मग तीन गोळ्यांची एक फेरी, मग पाचांची एक. स्टेनलेसला बहुतेकदा एवढ्या तेरा गोळ्या पुरतात. क्रोमोली थोडी हट्टी असते: एकेकाच्या फेऱ्या दहापर्यंत न्याव्या लागतात, मग तीन-तीनच्या दोन आणि पाचांची एक. फेरीतल्या तीन किंवा पाच गोळ्यांत घाई नको, दोन गोळ्यांत मिनिटभर तरी जाऊ द्या.

चिंधी वाचायची कशी

हा आकडा पाठ करण्यापेक्षा वहीत तीनच गोष्टी लिहा: फेरी कितवी, निळ्या चिंध्या किती, सर्वांत निळी कितपत निळी. पहिल्या गोळीनंतर चिंधीवर शाईची बाटली सांडल्यासारखा गडद डाग येणे आणि पांढरी निघायला पाच-सहा खेपा लागणे अगदी साधारण. तिसऱ्या-चौथ्या गोळीला डाग फिकट आकाशी होतो, दोन-तीन खेपांत सरतो. एका खेपेत चिंधी जवळजवळ पांढरी आली की थ्रोट तयार झाला. त्या क्षणी एकेकाच्या फेऱ्या बंद, कागदावर पाच लिहिलेले असताना तुम्ही तिसऱ्याच फेरीवर असलात तरी.

चिंधीवर रंग कुठे आहे तेही पाहा. जॅगच्या खोबणींच्या जागी समान पट्टे उमटले तर ते नळीच्या सर्व आट्यांत तांबे आहे असे सांगतात. एकाच बाजूला गडद डाग सारखा येत असेल तर त्या बाजूला रीमर खोल ओरखडा पाडून गेला आहे. तो वीस गोळ्यांत जाणार नाही, आणि बहुतेकदा त्यामुळे नेमबाजीत फरकही पडत नाही. चिंधी काळीच काळी येत असेल आणि निळा रंग दिसतच नसेल, तर काजळी पूर्ण निघालेली नाही आणि तांबे तिच्याखाली झाकलेले आहे. दुसरी-तिसरी पायरी पुन्हा करा.

दहा फेऱ्यांनंतरही पहिल्याइतकेच निळे? आधी जॅग तपासा. मग ब्रश. दोन्ही निर्दोष असतील तर नळीच खडबडीत आहे असे समजून थांबा. अशा नळ्या पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत आपोआप निवळतात किंवा निवळत नाहीत, पण आणखी वीस फेऱ्यांनी त्यांचे काही होत नसते. घासणीची पेस्ट किंवा पेस्ट लावलेल्या गोळ्या झाडण्याचा उपाय कोणी सुचवेल. पेस्ट थ्रोटमधून सगळ्यात जास्त पोलाद नेते आणि गेलेले पोलाद परत येत नाही. ते काम अनुभवी गनस्मिथचे.

कॅमेऱ्याची बोअरस्कोप आता स्वस्त झाली आहे. तिने नळी पाहणे उद्बोधक असते आणि घातकही: पडद्यावर एवढासा डाग डोंगराएवढा दिसतो आणि माणूस नळी झिजेपर्यंत घासत बसतो. उत्तम ग्रुप देणाऱ्या कित्येक नळ्या आतून पाहिल्या तर भयानक दिसतात.

मधेच काय बिघडते

चिंधी नळीत अडकली तर रॉडवर हातोडी मारू नका. रॉड वाकतो आणि आट्यांना टेकतो. तोंडाकडून थोडे सॉल्व्हंट सोडा, पाच मिनिटे थांबा, आणि आली त्या वाटेने मागे ओढा. इथे मागे न ओढण्याचा नियम मोडला तरी चालेल. पुढची चिंधी पाव इंच लहान कापा.

पुसल्यानंतरची पहिली गोळी बाकीच्यांपासून दूर पडते. स्वच्छ कोरड्या नळीत गोळीला वेगळे घर्षण मिळते, एवढेच. म्हणून एकेकाच्या फेऱ्यांतल्या पाच छिद्रांवरून ग्रुप मोजून रायफलला नावे ठेवू नका. ब्रेक-इन संपल्यावरही प्रत्येक सफाईनंतरच्या तीन-चार गोळ्या हिशेबात धरायच्या नसतात.

गोळीचा वेगही पहिल्या शंभर-दीडशे गोळ्यांत हळूहळू वाढू शकतो आणि मग स्थिरावतो. क्रोनोग्राफवरचे (वेग मोजणाऱ्या यंत्रावरचे) पहिल्या दिवशीचे आकडे घेऊन लांब पल्ल्याचा तक्ता बनवलात तर तो पुढच्या महिन्यात खोटा ठरेल. झिरोसुद्धा तेव्हा एकदा तपासा.

आणखी एक: खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ छाप असलेली काडतुसे आणि परदेशी काडतुसे एकाच दिवशी आलटून पालटून वापरू नका. वेष्टणाची धातू वेगळी, दारू वेगळी, मळ वेगळा. चिंधीवरून काही निष्कर्षच काढता येत नाही. ब्रेक-इन एकाच पेटीतल्या काडतुसांवर पूर्ण करा.

.२२ रायफल असेल तर वरचे बरेचसे विसरा

महाराष्ट्रात नव्या नेमबाजाच्या हाती मॅच रायफल येते ती एअर नाहीतर .२२. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये ५० मीटर प्रोनचे (पोटावर झोपून नेमबाजीचे) जागतिक सुवर्ण घेतले, स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य, ते दोन्ही प्रकार .२२ चेच. बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवर शेजारी उभा असलेला नवखा सेंटरफायरचे वेळापत्रक .२२ ला लावताना दिसतो, तेव्हा त्याला थांबवावेसे वाटते.

.२२ मॅच काडतुसाची गोळी नागड्या शिशाची, ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅमची, वर मेणचट वंगण, आणि वेग ध्वनीपेक्षा कमी. वेष्टणच नाही तर तांबे कुठून येणार? तांब्याच्या सॉल्व्हंटचे इथे काही काम नाही. शिवाय दाब इतका कमी की गोळ्यांनी थ्रोट पॉलिश होण्याची गोष्ट फार सावकाश घडते. .२२ च्या नळीला मुरवायचे असते ते वंगणाने. नव्या तव्याला तेल पाजतो तसे वंगणाचा पातळ, सारखा थर आट्यांवर बसला की गोळ्या एका जागी पडू लागतात.

कारखान्याचे तेल तीन-चार चिंध्यांनी किंवा फेल्ट पेलेटने काढा. दहा गोळ्या झाडा, दोन कोरडे फेल्ट फिरवा. असे तीनदा. मग पन्नास गोळ्या, आणि दोन फेल्ट. बस, एवढेच. मधल्या चिंध्यांवर चकचकीत राखाडी कपच्या दिसल्या तर ते शिसे. पहिल्या दोन फेऱ्यांत थोडे असतेच. पन्नास गोळ्यांनंतरही कपच्या येत राहिल्या तर नळीच्या तोंडाजवळचा भाग जाणकाराला दाखवा.

काडतुसाचा ब्रँड बदलला की वंगण बदलते, आणि जुने जाऊन नवे बसेपर्यंत वीस ते चाळीस गोळ्या इकडेतिकडे पडतात. त्यामुळे कोणता लॉट, म्हणजे काडतुसांची कोणती खेप, आपल्या रायफलला मानवतो ही चाचणी नळी मुरल्यानंतरच करा, आणि दर लॉटच्या आधी एवढ्या गोळ्या राखून ठेवा. नाहीतर महागडा लॉट विनाकारण नापास होतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी लख्ख पुसून जाणारेही असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या साइटर (गुणांआधीच्या सरावाच्या) गोळ्या संपत आल्या तरी ग्रुप जमलेला नसतो.

.२२ ला जिथे खरोखर लक्ष द्यायला हवे ती जागा चेंबरच्या पुढच्या कडेला आहे. काडतुसाचे तोंड संपते तिथे काजळी आणि वंगण मिळून कडक कडे जमते. ते दिसत नाही, पण काडतूस आत ढकलताना शेवटी थोडे अडू लागते, आणि चांगल्या ग्रुपमधून मधेच एखादी गोळी बाहेर पडते. पाचशे ते हजार गोळ्यांनी काजळीच्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कांस्याचा ब्रश त्या जागी नेऊन दहा मिनिटे भिजू द्या, मग ब्रश तिथल्या तिथे चार-पाच वेळा फिरवा आणि कोरडे पुसा. .२२ च्या नळ्या झिजून कमी आणि पुसून जास्त खराब होतात, तेव्हा बाकी नळीला तिच्या हालात राहू द्या.

घरी आल्यावर

सेंटरफायरची शेवटची फेरी झाली की तांब्याच्या सॉल्व्हंटचा मागमूस राहता कामा नये. त्याचा अंश ओलावा ओढतो. दोन चिंध्या काजळीच्या सॉल्व्हंटच्या, तीन कोरड्या, आणि मग एक चिंधी हलक्या तेलाचे दोन थेंब टाकून. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे तेल महिन्याला नाही, आठवड्याला पाहावे लागते. रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम दमटपणा धरून ठेवतो आणि नळीवर फोमच्या आकाराचा गंज उमटतो. कपाटात उभी ठेवत असाल तर तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल बोल्ट आणि स्टॉकच्या लाकडात झिरपत नाही. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती रंग बदलली की बदला.

पुढच्या वेळी रेंजवर निघताना पहिल्या गोळीआधी दोन कोरड्या चिंध्या फिरवायच्या आहेत, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी ट्रिगर गार्डला बांधून ठेवा.